शोधतंत्रज्ञानातील ज्ञान अभियंता : स्वरूप, कार्य आणि मराठीपुढील प्रश्न
(‘सावर्डे’ आणि ‘कात’ या दोन शब्दांच्या निमित्ताने)

सारांश

संगणकीय शोधयंत्र शब्द शोधते. शोध घेणाऱ्या माणसाला मात्र वस्तू, स्थळ, नियम किंवा उपाय हवा असतो. शब्द आणि वस्तू यांच्यामधील हे अंतर कमी करण्याचे काम ज्ञान अभियंता करतो. प्रस्तुत लेखात या व्यवसायाची पार्श्वभूमी, त्याचे प्रत्यक्ष कार्य आणि मराठीसारख्या भाषेत त्याला भेडसावणारे प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे. विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. यंत्राला लागणारे ज्ञान हे मुख्यतः स्थानिक व भाषिक असते आणि ते नोंदविण्याची जबाबदारी ती भाषा जाणणाऱ्यांवरच येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ज्ञान अभियंता, शोधयंत्र, ज्ञानालेख, सामान्यरूप, शब्दजाल, सावर्डे.

प्रस्तावना

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातील गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे हे गाव कोकणात शैक्षणिक केंद्र म्हणून परिचित आहे. त्याचबरोबर खैराच्या लाकडापासून कात तयार करण्याचा व्यवसायही या परिसरात चालतो. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून, तो काढा आटवून व थंड करून कात मिळवितात. विड्यातील एक आवश्यक घटक म्हणून कात सर्वांच्या परिचयाचा आहे.

या परिसरातील एखादा शेतकरी आपल्या बांधावरील खैराचे झाड विकण्याच्या विचारात आहे, अशी कल्पना करावी. झाड तोडण्यापूर्वी काही परवानगी लागते काय, हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. तो भ्रमणध्वनीवर ‘सावर्ड्यात खैर तोडायला परवानगी’ असे शब्द लिहितो. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे विनियमन करणारा १९६४ चा अधिनियम लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत खैराचा समावेश आहे. म्हणजेच या शेतकऱ्याच्या प्रश्नाला निश्चित उत्तर अस्तित्वात आहे. परंतु शासकीय लेखनात ‘तोडायला’ असा शब्द नसून ‘वृक्षतोड’ असा असतो. ‘खैर’ हा शब्द शीर्षकात नसून अनुसूचीत असतो. आणि ‘सावर्डे’ हे नाव तर त्या लेखनात असण्याचे कारणच नाही. शब्दाला शब्द जुळवीत जाणारे यंत्र या शेतकऱ्यापर्यंत ते उत्तर पोहोचवू शकत नाही. उत्तर न मिळाल्याने त्याने झाड तोडले, तर कायद्याचा भंग त्याच्या नावावर नोंदला जातो. शोधयंत्राची चूक ही केवळ तांत्रिक गैरसोय राहत नाही, ती अशी एखाद्याच्या संसारात जाऊन पोहोचते.

शब्दसूची आणि तिची मर्यादा

शोधयंत्राचा पाया म्हणजे शब्दसूची. ग्रंथाच्या शेवटी जशी कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आला याची सूची असते, तशीच सूची यंत्र कोट्यवधी पृष्ठांसाठी तयार करते. प्रश्नातील शब्द या सूचीत पाहून संबंधित पृष्ठे निवडली जातात आणि मग त्यांचा क्रम लावला जातो. क्रम लावण्याच्या पद्धती कालांतराने सुधारत गेल्या. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये असे दाखवून दिले, की जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो त्याला शोधात अधिक महत्त्व दिले पाहिजे. १९९८ मध्ये सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पृष्ठांना जोडणाऱ्या दुव्यांवरून पृष्ठाचे महत्त्व ठरविण्याची पद्धत मांडली व तिच्यावर गूगल उभे राहिले.

या पद्धती प्रभावी असल्या तरी त्यांना शब्दाचा अर्थ कळत नाही. सावर्डे हे गाव आहे, खैर हा वृक्ष आहे आणि कात हे त्या वृक्षापासून मिळणारे द्रव्य आहे, हे शब्दसूचीत कोठेही लिहिलेले नसते. ते कोणीतरी यंत्राला सांगावे लागते. येथून ज्ञान अभियंत्याचे काम सुरू होते.

व्यवसायाची पार्श्वभूमी

‘ज्ञान अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडवर्ड फायगेनबॉम यांना दिले जाते. त्यांच्या सहभागाने १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘डेन्ड्राल’ या प्रकल्पात रसायनशास्त्रज्ञांचे ज्ञान नियमांच्या रूपाने संगणकात घालण्यात आले. पुढे त्याच विद्यापीठात १९७० च्या दशकात ‘मायसिन’ ही प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्गाच्या निदानासाठी आणि औषधाच्या निवडीसाठी तज्ज्ञ वैद्यांचे ज्ञान तीत काहीशे नियमांत बांधले होते. या प्रयोगांतून एक अडचण स्पष्ट झाली. संगणक नियम वेगाने चालवू शकतो. परंतु तज्ज्ञाच्या मनातील ज्ञान शब्दांत उतरविणे अतिशय संथ व कष्टाचे असते. अनुभवी माणसाला पुष्कळ गोष्टी कळत असतात, पण त्या आपल्याला कशा कळतात हे त्याला सांगता येत नाही.

शोधतंत्रज्ञानात हा व्यवसाय आला तो आंतरजालाच्या प्रसाराबरोबर. याहूच्या विषयवार निर्देशिकेची रचना सांभाळण्यासाठी १९९५ मध्ये श्रीनिजा श्रीनिवासन यांची नियुक्ती झाली. त्यापूर्वी त्यांनी डग्लस लेनाट यांच्या ‘साय्क’ या प्रकल्पात काम केले होते. व्यवहारज्ञान संगणकात भरण्याचा हा प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला होता. कोणता विषय कोणत्या विषयाखाली ठेवावा, हा ग्रंथपालांचा जुना प्रश्न अशा रीतीने संगणकाच्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला.

या प्रश्नाचा मूलगामी विचार भारतात आधीच झालेला होता, याची येथे नोंद घेणे उचित ठरेल. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत विषयाला एकाच खणात न ठेवता त्याचे निरनिराळे पैलू वेगळे केले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल हे ते पाच पैलू होत. आजही खरेदीच्या संकेतस्थळावर वस्तूची किंमत, आकार व रंग स्वतंत्रपणे निवडता येतात, त्यामागे पैलूंनी वर्गीकरण करण्याचे हेच तत्त्व आहे.

२०१२ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मे महिन्यात गूगलने आपला ‘ज्ञानालेख’ जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये विकिडेटा हा मुक्त ज्ञानसंग्रह सुरू झाला. अक्षरांच्या साखळ्यांऐवजी जगातील वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदविणे, हा दोहोंचा गाभा आहे.

ज्ञान अभियंत्याचे प्रत्यक्ष कार्य

ज्ञान अभियंत्याचे काम स्थूलमानाने चार टप्प्यांत विभागता येते.

पहिला टप्पा वस्तूंच्या ओळखीचा आहे. प्रत्येक वस्तूला एक स्वतंत्र ओळखक्रमांक दिला जातो आणि तिची सर्व नावे त्या क्रमांकाशी जोडली जातात. चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे एक स्थळ झाले. दक्षिण गोव्यातील सावर्डे हे दुसरे. तेथेही रेल्वे स्थानक आहे आणि त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघही आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील सावर्डे बुद्रुक हे तिसरे. मराठीत तिन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात. उलटपक्षी, एकाच स्थळाची नावे भिन्न असतात. चिपळूण तालुक्यातील गावाला मराठीत सावर्डे म्हणतात, तर कोकण रेल्वेचे तेथील स्थानक ‘सावर्डा’ या नावाने ओळखले जाते. गोव्यातील सावर्ड्याचे रोमन लिपीतील लेखन पोर्तुगीज वळणाचे आहे. त्याचे यांत्रिक लिप्यंतर केल्यास ‘सानवोर्देम’ असे रूप मिळते आणि ते सावर्डेच आहे हे यंत्राला ओळखता येत नाही.

दुसरा टप्पा संबंधांच्या नोंदीचा आहे. प्रत्येक विधान तीन भागांत मांडले जाते : कर्ता, संबंध आणि संबंधित वस्तू. उदाहरणार्थ, ‘सावर्डे – तालुका – चिपळूण’, ‘कात – कशापासून मिळतो – खैर’, ‘खैर – अनुसूचीत समाविष्ट – १९६४ चा अधिनियम’. अशी विधाने एकमेकांस जोडली म्हणजे ज्ञानालेख तयार होतो. प्रस्तावनेतील शेतकऱ्याचा प्रश्न आता सुटू शकतो. सावर्डे महाराष्ट्रात आहे, महाराष्ट्रात हा अधिनियम लागू आहे, आणि खैर त्याच्या अनुसूचीत आहे. या तीन पायऱ्या चढून यंत्र योग्य लेखापर्यंत पोहोचते. तो सावर्ड्याऐवजी गोव्यातील सावर्ड्यात राहत असता, तर पहिल्याच पायरीवर मार्ग बदलला असता, कारण तेथे कायदा वेगळा आहे. पहिल्या टप्प्यातील काटेकोरपणा किती मोलाचा आहे, हे यावरून ध्यानात येते.

तिसरा टप्पा पुराव्याचा व कालमर्यादेचा आहे. विधान कोठून घेतले आणि ते केव्हापासून केव्हापर्यंत खरे होते, याची नोंद नसेल तर ज्ञानालेख लवकरच निरुपयोगी होतो. सावर्ड्यावरून जाणारा महामार्ग पूर्वी क्रमांक १७ चा होता; २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांची क्रमवारी बदलल्यानंतर तो ६६ क्रमांकाचा झाला. खैराचे शास्त्रीय नावही असेच बदलले आहे. जुन्या ग्रंथांत तो ‘अकेशिया कॅटेचू’ या नावाने आढळतो, तर नव्या वर्गीकरणात ‘सेनेगालिया कॅटेचू’ या नावाने. जुने विधान पुसून टाकणे हा यावरील उपाय नव्हे. कारण जुन्या कागदपत्रांचा शोध जुन्याच नावाने घ्यावा लागतो. दोन्ही नावे ठेवून त्यांचा काळ नोंदविणे आवश्यक असते.

चौथा टप्पा परीक्षणाचा आहे. यासाठी प्रामुख्याने दोन मापे वापरतात. दाखविलेल्या निकालांपैकी किती उपयुक्त होते, हे ‘अचूकता’ सांगते. संग्रहात असलेल्या उपयुक्त लेखांपैकी किती सापडले, हे ‘परिपूर्णता’ सांगते. समजा, एखाद्या प्रश्नाला यंत्राने १० लेख दाखविले आणि त्यांपैकी ४ उपयुक्त निघाले, तर अचूकता ४० टक्के झाली. संग्रहात एकूण ८ उपयुक्त लेख असतील, तर परिपूर्णता ५० टक्के झाली. एक माप वाढविताना दुसरे अनेकदा घटते. कोणत्या कामासाठी कोणते माप महत्त्वाचे, याचा निर्णय ज्ञान अभियंत्याला घ्यावा लागतो. सिनेमाचे वेळापत्रक शोधणाऱ्याला अचूकता पुरेशी असते; कायद्याचा शोध घेणाऱ्याला एकही संबंधित तरतूद सुटून चालत नाही.

मराठीचे विशेष प्रश्न

मराठीत शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘सावर्डे’ या शब्दाची ‘सावर्ड्यात’, ‘सावर्ड्याला’, ‘सावर्ड्याहून’, ‘सावर्ड्याच्या’ अशी रूपे होतात. वृत्तपत्रांत ‘सावर्डेत’ असेही रूप आढळते. शब्दसूचीच्या दृष्टीने हे सर्व वेगवेगळे शब्द होत. म्हणून प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत जाणारी प्रक्रिया आवश्यक ठरते. शब्दाची पहिली काही अक्षरे ठेवून बाकीची छाटणे, हा तिचा सर्वात सोपा प्रकार होय. ‘सावर्डे’च्या बाबतीत हा उपाय बऱ्यापैकी चालतो. परंतु तोच उपाय ‘कात’ या शब्दाला लावून पाहावा. ‘काताचा’ या रूपापासून ‘कात’ मिळविण्यासाठी जेथे छाट घ्यावी लागते, तेथेच ‘कातळ’, ‘कातर’ आणि ‘कातकरी’ हे शब्दही छाटले जातात. परिणामी काताचा भाव विचारणाऱ्यास रत्नागिरीतील कातळशिल्पांची माहिती मिळते. कातकरी समाजाचे नाव काताच्या व्यवसायावरून आले असे मानले जाते. तेथे शब्दांचा संबंध खरा आहे, पण शोधणाऱ्याचा हेतू तो नाही. कातळाच्या बाबतीत मात्र साम्य केवळ अक्षरांचे आहे.

दुसरा प्रश्न अनेकार्थतेचा आहे. ‘कात’ म्हणजे खैराचे द्रव्य आणि ‘कात’ म्हणजे सापाने टाकलेली त्वचा. यावरून ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार आला आणि तो वृत्तपत्रांना विशेष प्रिय आहे. एखाद्या बसस्थानकाचे नूतनीकरण झाले, की त्याने कात टाकल्याची बातमी येते. येथे व्याकरण ज्ञान अभियंत्याच्या साहाय्यास येते. द्रव्यवाचक कात पुल्लिंगी आहे, त्वचावाचक कात स्त्रीलिंगी आहे. ‘कात तयार केला’ आणि ‘कात टाकली’ या दोन वाक्यांतील क्रियापदांची रूपेच अर्थ वेगळा करून दाखवितात. शालेय व्याकरणातील लिंगविचार यंत्राच्या दृष्टीने असा मोलाचा पुरावा ठरतो.

तिसरा प्रश्न लेखनाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये मान्यता मिळाली व अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या लेखनात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘सांवर्डे’ अशी रूपे आढळतात. जुने दस्तऐवज शोधावयाचे असतील, तर ही रूपे आजच्या रूपांशी जोडावी लागतात. याशिवाय युनिकोडचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे टंक वापरीत. पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकात त्याचा संकेत निराळाच असे. असा मजकूर वाचकाला वाचता येई, पण शोधयंत्राला सापडत नसे. मराठी लेखनाचा मोठा भाग काही काळ अशा रीतीने डोळ्यांसमोर असूनही अदृश्य होता.

मराठीतील प्रयत्न

या प्रश्नांवर संस्थात्मक पातळीवर काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी आणि मराठी शब्दजालांची निर्मिती झाली. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी शब्दजालाची प्रेरणा त्यांमागे होती. शब्दजालात एका अर्थाचे सर्व शब्द एका संचात ठेवले जातात आणि संचांमध्ये ‘प्रकार’, ‘अवयव’ यांसारखे संबंध नोंदविले जातात. ‘कात’ हा शब्द तेथे अर्थागणिक स्वतंत्र संचात यावयास हवा. ‘झाड’ आणि ‘वृक्ष’ मात्र एकाच संचात.

केंद्र शासनाच्या साहाय्याने अनेक संस्थांनी एकत्र येऊन ‘संधान’ हे भारतीय भाषांसाठीचे शोधयंत्र विकसित केले. पर्यटन हा विषय निवडून सुरुवात केलेल्या या प्रकल्पात मराठीचा समावेश होता. भारतीय भाषांतील शोधपद्धतींच्या तुलनात्मक परीक्षणासाठी ‘फायर’ हा मंच २००८ मध्ये सुरू झाला. त्याच्या मराठी संग्रहात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ या दैनिकांतील जवळजवळ १ लाख लेखांचा अंतर्भाव होता. मराठी शोधपद्धतींची अचूकता मोजण्याचे सामायिक साधन त्यामुळे संशोधकांस उपलब्ध झाले.

मोठी भाषाप्रारूपे आणि ज्ञान अभियंता

अलीकडील वर्षांत मोठी भाषाप्रारूपे प्रश्नाचे उत्तर थेट वाक्यांत देऊ लागली आहेत. अफाट मजकुरावरून ती शब्दांचे संदर्भ शिकतात आणि ‘कात टाकणे’सारखे वाक्प्रचार पुष्कळदा बरोबर ओळखतात. मग ज्ञान अभियंत्याची गरज संपली काय, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. जुने शोधयंत्र चुकले, तर निकालांची यादी विसंगत दिसे व वाचक सावध होई. भाषाप्रारूपाची चूक मात्र सुबक वाक्यात येते. दोन सावर्ड्यांची माहिती एकाच परिच्छेदात मिसळली गेली, तरी ती ओघवती वाटते. स्थानिक वाचकाला चूक तत्काळ कळेल. परगावच्या वाचकाला ती कळण्याचा मार्ग नाही. शिवाय ज्या विषयावर मराठीत मजकूरच अल्प आहे, तेथे प्रारूपाला शिकण्यासाठी आधार नसतो. म्हणून उत्तराला पुरावा जोडणे, स्थळ व काळ पडताळणे आणि परीक्षणासाठी विश्वसनीय प्रश्नोत्तरे तयार करणे, ही कामे आजही माणसालाच करावी लागतात. ज्ञान अभियंत्याचे काम संपलेले नसून नियम लिहिण्याकडून पडताळणीकडे सरकले आहे.

पात्रता आणि स्थानिक संधी

या कामासाठी संगणकाचे ज्ञान आवश्यक असले तरी ते पुरेसे नाही. व्याकरण, ग्रंथालयशास्त्र, तर्कशास्त्र आणि विषयज्ञान यांचा त्यात वाटा आहे. कात तयार करणाऱ्या कारागिराशी बोलून काढा केव्हा पुरेसा आटला हे तो कशावरून ओळखतो, ते विचारून घेणे हे फायगेनबॉम यांनी वर्णिलेले ज्ञानसंपादनच होय. त्यासाठी कारागिराची बोली समजावी लागते आणि धीरही लागतो. कृषी, औषधनिर्माण, कला आणि अभियांत्रिकी यांचे शिक्षण जेथे एकाच परिसरात मिळते, तेथील विद्यार्थ्यांना अशा नोंदी संयुक्तपणे करणे शक्य आहे. गावातील वाड्यांची नावे, वनस्पतींची स्थानिक नावे, शासकीय संज्ञांचे लोकभाषेतील पर्याय यांच्या पुराव्यासह केलेल्या याद्या विकिडेटासारख्या मुक्त संग्रहात कोणालाही भरता येतात.

समारोप

शोधयंत्राला जे माहीत नसते ते वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, अशी स्थिती हळूहळू येत आहे. अशा काळात सावर्डे कोणते, कात कोणता आणि खैर तोडण्यास परवानगी कोणती, हे यंत्राला नीट सांगणे हे भाषेचे व समाजाचे काम आहे. ते मराठी जाणणाऱ्यांनी केले नाही, तर यंत्र रोमन लेखनातील नावांवरून आणि परभाषेतील मजकुरावरून आपला अंदाज बांधील, आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तोच अंदाज उत्तर म्हणून मिळेल. त्याला खरे उत्तर मिळावे, एवढेच ज्ञान अभियांत्रिकीचे प्रयोजन आहे. त्याची सुरुवात एखाद्या गावाच्या नावाची नोंद तपासून घेण्यापासूनही होऊ शकते.